मुद्दलाला हात लावला नाही म्हणे!

या पानावर बहुतेक जण वाडे, गणपती, भजनी मंडळं, जुने मास्तर यांच्या आठवणी लिहितात. मी मात्र आज पैशाबद्दल लिहिणार आहे. बडोद्याच्या मराठी घरांमध्ये हा विषय चारचौघांत काढणं अजूनही थोडं असभ्य समजतात. शेजारच्या गुजराती ओटल्यावर आजोबा नातवाला व्याजाचा हिशेब बेधडक विचारतात. आपल्याकडे बायकोलासुद्धा पासबुक कुठे ठेवलंय ते माहीत नसतं. मी १९७२ साली इथूनच बी.कॉम. झालो, जवळजवळ चार दशकं एका सरकारी बँकेत काढली आणि निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यामुळे लोक कागदपत्रांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. त्या पिशव्यांमधून जे दिसलं, ते लिहितोय.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, इकडे कुठेही जा, आपल्या पिढीचा माणूस एक वाक्य अभिमानाने सांगतो. "आम्ही मुद्दलाला कधी हात लावला नाही." वडिलांनी सांगितलं, त्यांनी पाळलं, आपणही पाळलं. नोकरी आयपीसीएलमध्ये असो, जीएसएफसीमध्ये असो, नाहीतर युनिव्हर्सिटीत, निवृत्तीच्या वेळी जे हातात आलं ते फिक्स्ड डिपॉझिटमध्ये टाकलं आणि व्याजावर घर चालवलं. सचोटीची माणसं. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांचं हे वाक्य हिशेबाच्या दृष्टीने खरं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याने दरवर्षी मिळालेलं सगळं व्याज खर्च केलं, त्याने दरवर्षी मुद्दल खाल्लं. फक्त पासबुकात ते दिसत नाही, इतकंच.

एक उदाहरण देतो. नावगाव सांगत नाही, तपशीलही थोडे बदलले आहेत. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी, वय ७१. यजमान खाजगी कारखान्यात होते, त्यामुळे पेन्शन नाही. ते गेले तेव्हा ३० लाखांच्या ठेवी होत्या, दर सरासरी ७ टक्के. म्हणजे वर्षाला २ लाख १० हजार, महिन्याला साडेसतरा हजार. घर स्वतःचं. घरखर्च, औषधं, कामवाली, मेडिक्लेमचा हप्ता धरून त्यांना महिन्याला वीसेक हजार लागत. तेवढं व्याज नाही, आणि मुद्दल मोडायचं नाही ही यजमानांची ताकीद. तेव्हा वहिनींनी काय केलं? मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्षभर पुढे ढकललं. मुलगा कॅनडात. त्याला सांगितलं की डॉक्टर म्हणतात अजून पिकला नाही. ३० लाख बँकेत असलेली बाई एका डोळ्याने पोथी वाचत होती!

मी त्यांच्यासमोर कागदावर दोन आकडे मांडले. महागाई ५ टक्के धरा म्हटलं. तर ३० लाखांची आजची ताकद पुढच्या वर्षी टिकायची असेल, तर त्यात दीड लाख परत घालावे लागतील, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. साडेसतरा हजारांतून साडेबारा गेले, राहिले पाच हजार. वहिनी, तुमचं खरं व्याज महिन्याला पाच हजार आहे. बाकीचे साडेबारा हजार तुम्ही आणि भाऊ मुद्दलातूनच खात आला आहात. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांची ताकीद मोडून झालीच आहे की!"

झालीच होती. पण आता ती उघड्या डोळ्यांनी मोडता येत होती. आजच्या किमतीत महिन्याला वीस हजार, दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवत काढले आणि ठेवीवर ७ टक्के मिळत राहिले, तर हे पैसे साधारण चौदा वर्षं पुरतात. म्हणजे वयाच्या पंचाऐंशीपर्यंत. त्यानंतर घर आहेच. रकमेचा मोठा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हलवला, तर आणखी दोन वर्षं ताणता येतं. २०२३ च्या एप्रिलपासून तिथली मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आहे आणि दर ८.२ टक्के आहे. ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. मुद्दल खाणं हे पाप आहे असं मला वाटत नाही. उतारवयात पैसा खर्चण्यासाठीच असतो. पण किती खातोय ते ठाऊक असावं. नाहीतर माणूस एकीकडे उपाशी राहतो आणि दुसरीकडे भांडं गळतच असतं.

आता "जुने दिवस बरे होते, १२ टक्के मिळायचे" हे पालुपद. पीपीएफवर १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत १२ टक्के होते, हे खरं. पुढे ११, मग साडेनऊ, नऊ, २००३ मध्ये आठ. २०२० च्या एप्रिलपासून ७.१. कागदावर घसरण मोठी दिसते. पण १९९१-९२ साली महागाई तेरा टक्क्यांच्या वर होती. म्हणजे त्या वर्षी १२ टक्के मिळवणारा माणूस टक्काभर तोट्यात होता आणि खुशीत पेढे वाटत होता. आज ७.१ मिळून महागाई ५ असेल तर दोन टक्के पदरात पडतात, तेही करमुक्त. दराचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. शेजारी महागाईचा आकडा बसवला की मग तो बोलायला लागतो.

आकडा फुगवून दाखवायची कला आमच्या बँकांनाही चांगली जमायची, ते इथेच सांगून टाकतो. नव्वदच्या दशकातल्या जाहिराती आठवा. व्याजदर १२ टक्के, आणि त्याखाली ठळक अक्षरात "यील्ड १६.१२ टक्के"! ग्राहक काउंटरवर येऊन विचारायचे, साहेब ते सोळावालं द्या. त्यातलं गणित असं. १० हजार रुपये १२ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने पाच वर्षांत १८,०६१ होतात. वाढ ८,०६१. तिला पाचाने भागलं की वर्षाला १,६१२, म्हणजे १६.१२ टक्के. खोटं काही नाही, आणि खरंही नाही. चक्रवाढीने मिळालेली रक्कम सरळव्याजाच्या मापाने मोजली, एवढंच. या मापाने मुदत वाढवली की दर आपोआप वाढतो. आज ७ टक्क्यांची ठेव दहा वर्षं ठेवली तर पैसे दुप्पट होतात. या पद्धतीने ते "१० टक्के" म्हणता येतील. काउंटरवर विचारणाऱ्याला मी हे समजावून सांगत असे. ऐकणारे थोडे. बहुतेकांना सोळाच आवडायचे.

युनिट ६४ सुद्धा आपल्या कित्येक घरांत होतं. लाभांश जाहीर व्हायचा तो दहा रुपयांच्या दर्शनी किमतीवर. समजा २० टक्के जाहीर झाला, म्हणजे दोन रुपये. पण तेच युनिट तुम्ही चौदाला घेतलेलं असेल तर तुमचं उत्पन्न सव्वाचौदा टक्के. लोक घरी येऊन वीसच सांगायचे. आणि युनिटच्या मागे प्रत्यक्ष किती मालमत्ता आहे, हा प्रश्न तर २००१ च्या जुलैत खरेदी-विक्री थांबेपर्यंत सामान्य माणसाच्या मनात आलाच नाही.

तर मोजायचं कसं? गुजरातीत परताव्याला 'वळतर' म्हणतात, वळून परत आलेलं. मला हा शब्द आवडतो. खिशातून गेलं किती, कधी गेलं, आणि वळून किती आलं, कधी आलं. या चार गोष्टी सोडून पाचवं काही नाही. त्यातलं 'कधी' सगळे विसरतात.

बँकेत आम्ही प्रॉडक्ट काढायचो. रक्कम गुणिले दिवस. बचत खात्यावर २०१० च्या एप्रिलपासून व्याज रोजच्या शिलकेवर मोजतात. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरत. त्यामुळे ११ तारखेला पगार भरणाऱ्याला त्या महिन्यात त्या पैशावर छदामही मिळत नसे. तेव्हा रुपया किती दिवस कामाला होता, हे बघण्याची सवय आम्हाला होती. घरच्या गुंतवणुकीलाही तीच लावायची.

माझ्या पुतण्याने एसआयपी सुरू केली. महिन्याला दहा हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार. वर्षाअखेर किंमत झाली १ लाख २६ हजार ५००. तो नाराज. "काका, साडेपाच टक्केसुद्धा नाही. यापेक्षा तुमची एफडी बरी." मी म्हटलं, अरे, तुझे पहिले दहा हजार बारा महिने कामाला होते, शेवटचे दहा हजार एकच महिना. सगळ्यांची सरासरी काढ. वर्षभर ६५ हजारच कामाला होते. त्यावर साडेसहा हजार म्हणजे दहा टक्के. लगेच चेहरा खुलला. (पुढच्या वर्षी बाजार पडला तेव्हा तोच हिशेब उलटा लागला, ती गोष्ट वेगळी.)

उलटी फसगत जास्त होते. एक मित्र सांगत होते, "माझे दहा लाख वर्षात बारा लाख ऐंशी हजार झाले, अठ्ठावीस टक्के!" विचारलं, मध्ये काही भर घातली? म्हणे हो, दोन लाख, प्लॉटचे आले होते ते. मग वाढ ऐंशी हजारच ना? सुरुवातीचे दहा लाख, अधिक मधे घातलेल्या रकमेचा निम्मा म्हणजे एक लाख, झाले अकरा लाख. ऐंशी हजार भागिले अकरा लाख, सव्वासात टक्के. भर वर्षाच्या मध्यावर पडली असं धरून हा अंदाज आहे, पण वहीत करायला पुरेसा आहे. ज्याला संगणक येतो त्याने एक्सेलमध्ये एक्सआयआरआर नावाचं सूत्र वापरावं. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात रक्कम, भरलेली उणे चिन्हाने, आलेली अधिक चिन्हाने, आणि शेवटी आजची किंमत अधिक चिन्हाने. ते नेमका वार्षिक दर काढून देतं. नातवंडांना हे दोन मिनिटांत जमतं. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

या मापाने जुन्या एंडाउमेंट पॉलिसी एकदा मोजून बघा. वर्षाला २४ हजार, वीस वर्षं, एकूण भरले चार लाख ऐंशी हजार. हातात आले आठ लाख तेहतीस हजार. एजंट म्हणतो, जवळजवळ दुप्पट! वार्षिक दर काढला तर पाच टक्के. विमा मिळाला, त्याची किंमत आहे, मान्य. पण मग ते विमा म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून अठरा जणांना सांगू नका. मुलाच्या लग्नात भेटलेल्या एजंटाला नाही म्हणवत नाही, हे आपलं दुखणं मला पूर्ण माहीत आहे.

घराचंही तसंच. "शहाण्णव साली पाच लाखाला घेतलेला फ्लॅट एकवीस साली पन्नास लाखाला गेला, दसपट!" ऐकायला जबरदस्त. पण स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन धरून गेले होते साडेपाच लाख. विकताना दलाली जाऊन आले एकोणपन्नास. पंचवीस वर्षांचा हा दर होतो सव्वानऊच्याही आत. घरपट्टी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्टचा खर्च, दोनदा रंग वजा करा, आणखी खाली. उलट बाजूने, त्यात राहिलात तर वाचलेलं भाडं जमेलाही धरायला हवं, नाहीतर तो हिशेब घरावर अन्याय करणारा होईल. दसपट हा शब्द वर्षं लपवतो, माझा आक्षेप तेवढाच.

सोन्याबद्दल लिहिलं की भगिनीवर्ग रागावतो, तरी लिहितो. १९८० साली दहा ग्रॅमचा भाव तेराशेच्या आसपास, २००० साली चव्वेचाळीसशेच्या आसपास. वीस वर्षांत वर्षाला सहा-सव्वासहा टक्के. त्या काळात पोस्ट आणि बँक यापेक्षा सरस होती. २००० पासून २०२४ अखेरपर्यंत तेच सोनं ७५ हजारांच्या पुढे गेलं, म्हणजे वर्षाला सुमारे साडेबारा टक्के. आज जो तो दुसरी गोष्ट सांगतो, पहिली कोणालाच आठवत नाही. कुठून मोजायला सुरुवात केली यावर उत्तर फिरतं. शेअर बाजाराचं तेच. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर गेला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्या निम्म्याच्याही खाली आला, आणि पुन्हा २१ हजार दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली. म्हणून कोणी "पाच वर्षांत इतके टक्के" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठली पाच?

आणि अंगावर घालायचं सोनं यादीत धरूच नये असं माझं मत आहे. राहतं घरही नाही. पाटल्या मोडायच्या नाहीत हे ठरलेलं असताना त्यांची किंमत दर आठवड्याला जोडून आपण किती श्रीमंत झालो हे बघण्यात काय अर्थ? घडणावळ आणि घट धरली तर दागिना घेतल्या दिवशीच काही टक्के खाली असतो. तो हौसेचा खर्च समजावा, आनंदाने घालावा.

कराचंही सांगायला हवं. ३० टक्क्यांच्या गटातल्या माणसाला उपकर धरून ३१.२ टक्के जातात. त्याच्या ७ टक्क्यांचे उरतात ४.८. महागाई ५ असेल तर तो दरवर्षी गरीब होतोय. मात्र आता नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच ज्येष्ठांना व्याजावर काही भरावं लागत नाही. शेअर-फंडांच्या नफ्याला ही सूट लागू नाही, तिथे वेगळा हिशेब. म्हणजे एकच ठेव वहिनींसाठी बरी आणि त्यांच्या डॉक्टर भाच्यासाठी तोट्याची असू शकते. 'अमक्याने केलं म्हणून मी केलं' हे इथे चालत नाही.

महागाईही प्रत्येकाची निराळी. सरकारी आकड्यात खाण्यापिण्याचा वाटा मोठा असतो. आपल्या वयाला औषधं, मेडिक्लेम, मदतनीस बाई यांचा. मी लग्नापासून खर्चाची वही ठेवत आलोय, सौ. तिला 'चित्रगुप्ताची वही' म्हणते. गेल्या दहा वर्षांत आमचा घरखर्च वर्षाला सरासरी साडेसहा टक्क्यांनी वाढला. तेव्हा माझ्यासाठी कसोटी साडेसहाची. पेपरात काय छापून येतं ते मी वाचतो, पण तुलना वहीशी करतो.

आता काही जण म्हणतील, रोज मोबाइलवर सगळं दिसतंच की. तेच तर नको. सकाळी चहाबरोबर पोर्टफोलिओ लाल की हिरवा बघणारे माझ्या ओळखीत चार-पाच जण आहेत, आणि एकाचंही रक्तदाब औषधाशिवाय ताब्यात नाही. बँकेत ३१ मार्चच्या रात्री आम्ही वर्षाचा ताळा जुळवायचो. घरीही वर्षातून एकच दिवस. इथले व्यापारी दिवाळीला चोपडा पूजन करतात, लाभपाचमीला दुकान उघडतात. तो दिवस धरा, नाहीतर पाडवा धरा. एक वही, एका पानावर प्रत्येक गुंतवणूक. गेल्या वर्षीची किंमत, मध्ये भरलेलं, मध्ये काढलेलं, आजची किंमत, कर. त्याखाली टक्के, आणि शेजारी घरची महागाई. फंडाची तुलना निर्देशांकाशी करायची असेल तर लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी करा. सेबीने २०१८ पासून फंडांना तेच बंधनकारक केलंय. नुसत्या सेन्सेक्सशी तुलना केली की फंड उगाचच हुशार दिसतो.

एका वर्षाच्या आकड्यावरून काही मोडू नका. तीन-चार पानं झाली की वही स्वतःच सांगायला लागते, कोण कामाचं आणि कोण नुसतं नावाला.

आणि त्या दिवशी बायकोला, किंवा नवऱ्याला, शेजारी बसवा. मी पाहिलेल्या दहातल्या सात-आठ पिशव्या नवरा गेल्यावर उघडलेल्या होत्या. आत नॉमिनी कोण ते माहीत नाही, पॉलिसी बंद पडलेली, एका सहकारी बँकेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळे चौदा लाख एकाच ठिकाणी. विमा ५ लाखांपर्यंतच असतो. अर्धा टक्का म्हणजे वर्षाला सात हजार. त्यासाठी नऊ लाख उघड्यावर ठेवले होते, हे त्या माऊलीला मी सांगितल्यावर कळलं. ते पैसे बुडाले नाहीत, मुदत संपल्यावर आम्ही तीन ठिकाणी वाटले. पण तोवरचे सात महिने तिला झोप नव्हती.

एक विनंती. "काका, कोणता फंड घेऊ" असं कृपया विचारू नका, त्याचं उत्तर मी देत नाही. वहीचं पान आखून हवं असेल तर नमुना पाठवतो. इनबॉक्समध्ये फक्त 'वही' लिहा. रविवारी दुपारी एकदम सगळ्यांना पाठवीन. डावा डोळा जरा कुरकुरतोय, तेव्हा उशीर झाला तर सांभाळून घ्या.